बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांना शीघ्र हस्तक्षेपाची माहिती द्यायची आहे. सुरुवात कुठून करावी?

पाऊलखूण

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावी ० ते ६ वयाच्या मुलांसाठी आमचं छोटं थेरपी केंद्र आहे. फिजिओथेरपी, स्पीच आणि विशेष शिक्षण, तिन्ही एकाच जागी. अडचण अशी की मुलं आमच्याकडे पोचतात ती साडेतीन-चार वर्षांची होऊन. तोवर ती कुठल्या ना कुठल्या बालरोगतज्ज्ञांकडे वरचेवर जाऊन आलेली असतात. लसी वेळेवर, वजनाच्या नोंदी चोख, पण विकासाबद्दल फाइलीत एक ओळ नाही. पालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "डॉक्टर म्हणाले, बोलेल हळूहळू."

शहर आणि तालुके धरून बालरोगतज्ज्ञांचे पंचवीस-तीस दवाखाने असतील. त्यांना शीघ्र हस्तक्षेपाबद्दल, म्हणजे विकासात मागे पडणारं मूल लवकर ओळखून लगेच थेरपी सुरू करण्याबद्दल, नीट सांगायचं आहे. माहितीपत्रक छापून वाटावं, आयएपीच्या (बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या) शाखेत व्याख्यान ठेवावं, की एकेकाला भेटावं? नेमकं काय सांगावं आणि काय सांगू नये? शिवाय जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्र) असताना खासगी केंद्राने हे केलं तर डॉक्टरांना तो धंदा वाटेल का, ही धाकधूक आहेच. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टोचणीवाले_डॉक्टर

माहितीपत्रक छापू नका. औषध कंपन्यांच्या गठ्ठ्याखाली जाईल आणि शनिवारी रद्दीत. ऑटिझम म्हणजे काय, सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय, हे बालरोगतज्ज्ञांना शिकवायची गरज नसते. त्यांच्याकडे नसतो तो वेळ, आणि दुसरी नसते ती खात्री, की पुढे पाठवलं तर तिथे कोणी नीट बघेल. सकाळच्या ओपीडीत एका मुलाला पाच-सात मिनिटं मिळतात. आई तापाचं विचारायला आलेली असते, बाहेर बाकं भरलेली असतात, मूल रडत असतं. त्यात आपण होऊन विकासाचा विषय काढायचा म्हणजे पुढची वीस मिनिटं गेली. "तीन महिन्यांनी बघू" हे वाक्य अज्ञानातून कमी आणि या कोंडीतून जास्त येतं. तुमची सगळी आखणी ही कोंडी फोडण्यासाठी हवी.

आजारी मूल आलं असताना विकास तपासू नये. तापाने फणफणलेलं मूल हसत नाही, खेळत नाही, नजर देत नाही. उगाच भलता निष्कर्ष निघतो. तपासणी लसीच्या भेटीला बांधा. नऊ महिन्यांचा गोवराचा डोस आणि दीड वर्षाचा बूस्टर हे दोन मुक्काम पक्के धरा, कारण या दोन्हींना मूल निरोगी असतं आणि आई वेळ काढून आलेली असते.

खरी गोम दीड वर्षानंतर आहे. बूस्टर झाला की पुढचा मोठा डोस चार ते सहा वर्षांचा. मधल्या काळात निरोगी मूल दवाखान्याचं तोंड बघत नाही, येतं ते खोकला-जुलाब घेऊन. आणि बोलणं न येणं, नावाला ओ न देणं, एकटंच खेळणं हे पालकांच्या डोळ्यांवर येतं ते नेमकं याच काळात. म्हणून दोन वर्षं पूर्ण झाल्यावर एक भेट मुद्दाम लावून घ्या. फ्लूची लस दरवर्षी देणारे दवाखाने ती याला जोडू शकतात. इतरांनी संगणकावरच्या लसींच्या आठवणीत दोन वर्षांचा 'विकास तपासणी' असा एक मेसेज घालून ठेवला तरी पुरे.

बघायचं काय, तर थोडंच. नऊ महिन्यांना: आधाराशिवाय बसतं का, दोन्ही हात सारखे पुढे येतात का, बा-बा दा-दा असे आवाज काढतं का, हाक मारल्यावर वळतं का. वर्षाच्या आसपास टेबलावर एक चुरमुरा ठेवा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलला तर ठीक. पंजाने खरवडत असेल तर लिहून ठेवा. दीड वर्षाला: चालतं का, हवी ती वस्तू आणि नवल वाटलेली वस्तू बोटाने दाखवतं का, काही शब्द आहेत का. दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोललं पाहिजे, "पाणी दे", "बाबा गेला" असं. यमकाची गाणी आणि एबीसीडी धडाधड म्हणतं, पण तहान लागली तर आईचा हात धरून माठापाशी नेतं, अशा मुलाला "बोलतो की!" म्हणून सोडू नका.

आणि एक गोष्ट कुठल्याही वयात लाल बावटा: आधी येत असलेलं गेलं. शब्द होते ते बंद झाले, हात हलवून टाटा करायचा तो थांबला. इथे एक दिवसही वाट पाहायची नाही.

साधन म्हणून दोन वर्षांपर्यंत तिरुवनंतपुरमचा टीडीएससी हा विकास तपासणीचा तक्ता उत्तम. त्यात सतराच गोष्टी आहेत, पट्ट्यांच्या रूपात. मुलाच्या वयावर उभी फूटपट्टी धरायची. जी गोष्ट पूर्णपणे फूटपट्टीच्या डावीकडे आहे आणि मुलाला येत नाही, तिथे उशीर आहे. पाच मिनिटं लागतात. ऑटिझमसाठी १६ ते ३० महिन्यांना एम-चॅट-आर ही प्रश्नावली. वीस प्रश्न, पालक बाहेर बसून भरतात. दवाखान्यात वापरायला पैसे पडत नाहीत, पण मजकुरात फेरफार करायचा नाही.

गुण मोजताना जी चूक हमखास होते ती सांगतो. बाकी प्रश्नांत "नाही" म्हणजे एक गुण, पण २, ५ आणि १२ या तीन प्रश्नांत "हो" म्हणजे एक गुण. हे विसरलं की चांगलं मूल धोक्यात दिसतं आणि धोक्यातलं निसटतं. ० ते २ गुण आले तर धोका कमी. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन पूर्ण झाल्यावर परत भरून घ्या. ३ ते ७ आले तर त्याच साधनातली पुढची मुलाखत घ्यायची, फक्त गुण पडलेल्या प्रश्नांची. ती घेतल्यावरही २ किंवा जास्त उरले तर पाठवायचं. ८ किंवा जास्त आले तर मुलाखतीत वेळ घालवू नका, सरळ पाठवा. मधल्या गटाची मुलाखत बहुतेक जण गाळतात, मग अर्धी मुलं उगाच रेफर होतात आणि डॉक्टर म्हणतात, "हे साधनच बेकार आहे." ही मुलाखत तुमच्या केंद्राने फोनवर घ्यायची तयारी दाखवलीत, तर निम्मं काम तिथेच झालं.

कानोसा

वरच्या प्रतिसादात भर. मी ऑडिऑलॉजीतली, म्हणून कानावरच बोलते.

बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी, स्पीच थेरपी नंतर. दवाखान्यांना ही एकच ओळ पोचवलीत तरी खूप. "दार वाजलं की बघतो, टीव्हीच्या जाहिरातीला धावत येतो" यावर कान चांगले ठरवले जातात. मध्यम प्रमाणात कमी ऐकणारं किंवा फक्त वरच्या पट्टीतले आवाज न ऐकणारं मूलही दाराला वळतं. त्याला स, श, फ, त हे आवाज पोचत नाहीत, आणि भाषा तिथे अडते.

दुसरा घोळ जन्माच्या वेळच्या चाचणीचा. फाइलीत "ओएई पास" (ओएई ही तान्ह्यांची श्रवणचाचणी) असतं, म्हणून दोन वर्षांनी कोणी परत बघत नाही. ओएई आतल्या कानातल्या केसपेशींपर्यंतच सांगते. नस नीट काम करत नसेल तर ओएई पास होऊनही मूल ऐकत नाही. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं बाळ, रक्त बदलण्याइतकी कावीळ झालेलं बाळ, यांना ओएईवर सोडू नका, बेरा (आवाज नसेतून पुढे पोचतो का ते बघणारी चाचणी) हवी. शिवाय काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होत जातं, त्यामुळे जुना कागद आजचं सांगत नाही. मेनिंजायटिस होऊन गेलेल्या मुलाची चाचणी तर डिस्चार्जच्या सुमारासच व्हावी. आतल्या कानात हाड भरायला लागलं की कॉक्लियर इम्प्लांटची (शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्राची) तार घालणं अवघड होतं.

वेळेचा हिशोब १-३-६ असा सांगा: पहिल्या महिन्यात गाळणी-चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी. इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या अडिप (दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या) योजनेत मूल पाच वर्षांच्या आतलं लागतं. साडेचारला कळलं तर कागद गोळा करण्यातच वय निघून जातं. मुंबईत वांद्र्याला श्रवण-वाचेची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे २०२१ पासून सर्व प्रकारच्या अक्षमतांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्रही चालतं.

पालकांना चिठ्ठी देताना एक सूचना तोंडी द्यायला सांगा. बेरा झोपेत होते. मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, येताना गाडीत झोपू देऊ नका, केस धुऊन आणा आणि तेल लावू नका, नाहीतर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. हे न सांगितल्यामुळे लांबून आलेले लोक चाचणी न होताच परत जातात, आणि दुसऱ्यांदा येतीलच याचा भरवसा नसतो.

पाऊलखूण

डॉक्टर आणि ताई, मनापासून आभार. दोन उपप्रश्न. एम-चॅट कोणी द्यायचा, रिसेप्शनवर की सिस्टरने? आणि एकदोन ठिकाणी "मोबाइल बंद करा, शाळेत घाला, आपोआप बोलेल" हाच सल्ला मिळतो. डॉक्टरांना उलट कसं सांगायचं?

चिठ्ठीचपाटी

शीघ्र हस्तक्षेप केंद्रांसाठी दवाखाने जोडण्याचं काम करते, त्यामुळे भेटीचं तंत्र सांगते.

पहिलं, दवाखाना म्हणजे डॉक्टर नव्हेत. रिसेप्शनवरची मुलगी, लस काढून देणाऱ्या सिस्टर, कंपाउंडर हे खरे लोक. डॉक्टर पाच मिनिटं ऐकतात आणि "छान आहे, ठेवून जा" म्हणतात. फॉर्म द्यायचा की नाही ते रिसेप्शन ठरवतं. म्हणून दोन भेटी वेगळ्या ठेवा. डॉक्टरांची दहा मिनिटं, दुपारची ओपीडी संपता संपता, एमआर लोकांची (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची) वेळ असते त्या वेळी. फोन करून जा, एमआरच्या रांगेत बसावं लागलं तर बसा. कर्मचाऱ्यांची अर्ध्या तासाची बैठक दुसऱ्या दिवशी, संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायच्या आधी.

एम-चॅट रिसेप्शनवरच द्यावा, वजन करायच्या आधी. सिस्टरकडे तो गेला की लस टोचल्यावर दिला जातो, आणि रडणारं मूल कडेवर घेऊन कोणी वीस प्रश्न वाचत नाही. दीड वर्षाच्या डोसची फाइल निघाली की फॉर्म आणि पेन क्लिपबोर्डला लावून हातात. वाचता न येणाऱ्या आईला सिस्टरने प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवायचा, "करतो ना हो तो असं?" असं विचारलं की उत्तर "हो" येणारच. बोटाने दाखवण्याच्या प्रश्नांवर कर्मचाऱ्यांना विशेष घोटवा. एक प्रश्न मागण्यासाठी दाखवण्याचा आहे, दुसरा "ते बघ!" म्हणून दाखवण्याचा. दोन्हींना एकच समजून टिक मारली जाते, आणि ऑटिझममध्ये हा दुसराच आधी हुकतो.

आज्ञा पाळण्याची परीक्षाही सिस्टरला करून दाखवा. "सगळं समजतं त्याला" असं प्रत्येक घर म्हणतं. आईला सांगायचं, हात मागे बांधा, डोळ्यांनी खूण करू नका, आणि फक्त तोंडाने म्हणा, "चप्पल आण." खूण काढून घेतल्यावर दीड-दोन वर्षांचं मूल जागचं हललं नाही तर ते शब्द समजत नाही, आपला हात समजतं.

मोबाइलबद्दल: डॉक्टरांना उलट सांगायला जाऊ नका, कारण पडदा बंद करणं बरोबरच आहे. त्यांच्या वाक्याला शेपूट जोडा: "मोबाइल बंद करा आणि या आठवड्यात कान तपासून या." दोन्ही एकाच दिवशी. मोबाइल बंद करून तीन महिने वाट पाहिली की तीन महिने गेले, एवढंच होतं. तसंच जिभेखालची तार कापल्याने न बोलणारं मूल बोलायला लागत नाही. तारेचा संबंध आला तर काही उच्चारांशी. आणि घरात मराठी व शेजारी हिंदी असल्याने बोलणं लांबतं हाही गैरसमज. हे तीन मुद्दे कर्मचाऱ्यांच्या बैठकीत घ्या, डॉक्टरांसमोर नको. सुज्ञास सांगणे न लगे.

आता पैशाचं, कारण ते मनात असतंच. थेरपी केंद्र भेटायला आलं की काही जणांना वाटतं, कट द्यायला आलेत. काही जण तसं विचारतातही. रेफर करण्यासाठी कमिशन घेणं-देणं वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत बसत नाही. पहिल्याच पत्रात लिहून टाका: आम्ही रेफरलसाठी कोणालाही काही देत नाही, तपासणीचं शुल्क इतकं, थेरपीच्या एका सत्राचं इतकं. थेरपिस्टांची नावं आणि नोंदणी क्रमांकही द्या: स्पीचवाले, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचे आरसीआयचे (भारतीय पुनर्वास परिषदेचे), फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचे राज्य परिषदेचे. डीईआयसीचा पत्ता आणि दिवस त्याच कागदावर तुमच्या नावाच्या वर छापा. धंद्याचा संशय त्याने जितका जातो तितका भाषणाने जात नाही.

रेफरलची चिठ्ठी तुम्हीच छापून द्या, ए-फाइव्ह आकाराची, पन्नासच्या पॅडमध्ये, कार्बनसह म्हणजे प्रत फाइलीत राहते. तिच्यावर एवढंच असावं:

मुलाचं वय (वेळेआधी जन्म असेल तर दुरुस्त वय) / किती आठवड्यांना जन्म, वजन / एनआयसीयू, झटके, कावीळ / श्रवणचाचणी कोणती, कधी, निकाल / डोळे तपासले का / आज काय दिसलं, एका ओळीत / घाई आहे का / पालकांचा फोन.

निदान लिहायचा रकाना ठेवूच नका. तो असला की डॉक्टरांचा हात थबकतो, कारण निदान पक्कं नाही. तुम्हाला निदान नको, निरीक्षण हवं: "२० महिने, एकही शब्द नाही, बोटाने दाखवत नाही." एवढं पुरतं.

चिठ्ठी आली की घड्याळ तुमच्यावर. त्याच दिवशी पालकांना फोन तुम्हीच करा. "त्यांना येऊ दे" म्हणून बसलात तर बरीच मुलं वाटेत गळतात. पहिल्या तपासणीनंतर आठवड्याच्या आत डॉक्टरांना अर्ध्या पानाचं उत्तर गेलं पाहिजे. काय आढळलं, काय सुरू केलं, आणि डॉक्टरांनी काय करावं: थायरॉइडची चाचणी झाली आहे का, हिमोग्लोबिन, ईईजीची गरज. आठ पानी रिपोर्ट पाठवू नका, कोणी वाचत नाही. दवाखाने तुटतात ते बहुतेक इथेच. चार मुलं पाठवली, एकाचंही उत्तर नाही, पाचवं पाठवत नाहीत. मूल आलंच नाही तर तेही कळवा, म्हणजे पुढच्या डोसला डॉक्टर आठवण करतील.

आयएपी शाखेतलं व्याख्यान ठेवायचंच असेल तर एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट पॉइंट मिळतील अशी व्यवस्था शाखेमार्फत करा आणि वक्ता बालरोगतज्ज्ञच आणा. पण ते दवाखान्यांच्या भेटी झाल्यावर. व्याख्यानाने ओळख होते, सवय लागत नाही.

मान_धरली_का

फिजिओथेरपिस्ट. वरच्या चर्चेत सगळा भर बोलण्यावर आहे, पण हातापायांचं निदान त्याहून कितीतरी आधी होऊ शकतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा हिशोब सर्वांत जास्त चुकतो. ३० आठवड्यांना जन्म म्हणजे ४० उणे ३०, दहा आठवडे वजा. नऊ महिन्यांच्या डोसला आलेलं असं बाळ विकासाच्या दृष्टीने साडेसहा महिन्यांचं आहे. ते बसत नाही म्हणून घाबरू नका. पण मान डगमगत असेल तर साडेसहा महिन्यांनाही ते बरोबर नाही. लस जन्मतारखेने आणि विकास दुरुस्त वयाने, हे रिसेप्शनच्या तक्त्यावर ठळक लिहा, नाहीतर फॉर्म चुकीच्या महिन्याला हातात पडतो. दोन वर्षांपर्यंत ही वजाबाकी करायची, पुढे थांबवायची. "सातव्या महिन्यातलं आहे ना" हे कारण साडेतीन वर्षांच्या मुलालाही लावलेलं दिसतं.

धोक्याच्या खुणा या: तीन महिन्यांनंतरही अंगठा मुठीत दाबून ठेवणं, उचलल्यावर पायांची कात्री होणं, चार महिन्यांना हात धरून बसतं करताना मान पूर्ण मागे पडणं, आणि वर्षाच्या आत एकच हात वापरणं. या शेवटच्याला घरात "डावखुरा होणार" म्हणून कौतुक होतं. वर्षाच्या आत मुलाने हात निवडलेला नसतो. एक हात वापरत नसेल तर न वापरलेल्या हाताकडे बघायचं.

ज्या दवाखान्यांना एनआयसीयू आहे त्यांच्या डॉक्टरांना हॅमरस्मिथची तान्ह्यांची तपासणी, म्हणजे हाइन, शिकवायला एक दुपार द्या. २६ बाबी, जास्तीत जास्त ७८ गुण, दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालते, सरावाने दहा-पंधरा मिनिटांत होते. जोखमीच्या बाळाला तीन महिन्यांना ५७ पेक्षा कमी गुण मिळाले तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता दाट धरतात. एमआरआयची किंवा वर्ष भरण्याची वाट न पाहता थेरपी सुरू करता येते.

आणि डोळे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातला पडदा (रेटिना) तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ डिस्चार्ज होऊन आजोळी जातं आणि तारीख हुकते. पुढे आपल्याकडे येतं ते "नजर देत नाही" म्हणून.

गावकुसाबाहेर

सगळं पटलं, पण एक व्यावहारिक शंका. तालुक्याहून आठवड्यात तीनदा थेरपीला कोण येणार? एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतं, म्हणून ते पाठवत नाहीत.

चिठ्ठीचपाटी

रास्त शंका आहे, आणि ती डॉक्टरांसमोर तुम्ही आधी काढा. तीन वर्षांखालच्या मुलाचं बरंचसं काम घरीच होतं: जेवण, अंघोळ, कपडे घालणं यांतच. केंद्राने महिन्यातून दोनदा बोलवावं, आईला दोनच गोष्टी शिकवाव्यात, पुढच्या वेळी त्या करून दाखवायला लावाव्यात. पाच-सहा व्यायामांची यादी दिली की एकही होत नाही.

सरकारी वाट डॉक्टरांना माहीत नसते, ती सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात, तिथून मूल जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे जातं, उपचार मोफत. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तिथे जाता येतं. मात्र कोणती जागा भरलेली आहे ते महिन्याला फोन करून विचारत राहा. स्पीचची जागा रिकामी असताना मूल पाठवलं तर पालकांचा विश्वास कायमचा उडतो.

दिव्यांग प्रमाणपत्राची घाई डॉक्टरांकडून करवून घेऊ नका. थेरपी सुरू करायला युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागत नाही. "प्रमाणपत्र काढा" हे पहिलंच वाक्य ऐकलं की अनेक घरं परत फिरकत नाहीत. सवलती, प्रवास, निरामय विमा (यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा) यासाठी कार्ड लागेल तेव्हा तुमचा समाजसेवक ते बघेल.

एडिसनकर

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी पालकांसाठी थोडं, कारण हा धागा तेही वाचतात. अमेरिकेत तिसऱ्या वाढदिवसापर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन हे आयडीईए (दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या) कायद्याच्या पार्ट सी खाली येतं. शंका आल्यावर डॉक्टरांनी सात दिवसांच्या आत कळवणं अपेक्षित आहे, पण डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची नाही. पालक स्वतः राज्याच्या क्रमांकावर फोन करू शकतात. रेफरलपासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि आयएफएसपीची (मूल आणि कुटुंबासाठीच्या सेवा-आराखड्याची) बैठक व्हायला हवी. मूल्यमापनाला पैसे नाहीत. घरी मराठी बोलत असाल तर फोनवरच मराठी दुभाषा मागा, तशी कायद्यात तरतूद आहे. फक्त इंग्रजीत तपासून "भाषेत मागे" असा शेरा आला तर तो ग्राह्य धरू नका. अडीच वर्षांनंतर उशीर करू नका, कारण तिसऱ्या वाढदिवसाला प्रकरण शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जातं आणि निकष बदलतात.

टोचणीवाले_डॉक्टर

चिठ्ठीचपाटी ताईंनी निदानाच्या रकान्याचं लिहिलंय ते अगदी बरोबर. त्याच्याच जोडीला, डॉक्टरांच्या तोंडी काय वाक्य द्यायचं ते सांगतो, कारण अडतं तिथेच. "तुमच्या मुलात ऑटिझमची लक्षणं दिसतात" असं ओपीडीत म्हटलं की आई रडते, आजी भांडते, आणि कुटुंब दुसऱ्या डॉक्टरकडे जातं. त्याऐवजी: "या वयाला बोटाने दाखवणं यायला हवं, ते अजून दिसत नाही. कान तपासून घेऊ आणि खेळ-बोलणं बघणाऱ्या लोकांना एकदा दाखवू. काही नसलं तर उत्तमच." वाक्यात दिसलेली गोष्ट आहे, नाव नाही. हे वाक्य टाइप करून टेबलाच्या काचेखाली ठेवायला द्या. ठेवतात.

काही सहकारी म्हणतील, उगाच घाबरवल्यासारखं होतं, निम्मी मुलं आपसूक सुधारतात. काही सुधारतात, खरं आहे. पण दीड वर्षाला कोणतं सुधारेल हे बघून सांगता येत नाही, आणि जे सुधारणार होतं त्याला चार महिने आईबरोबर जास्त खेळल्याने अपाय होत नाही. वाद इथेच थांबवा, आकडेवारी फेकू नका.

व्हॉट्सअॅपवर पालकांनी काढलेला व्हिडिओ मागवणं उपयोगी पडतं. दवाखान्यात न दिसणारं वागणं घरी दिसतं. मूल जमिनीवर, समोर दोन खेळणी, दोन मिनिटं, मध्येच मागून हाक. मात्र तो डॉक्टर आणि थेरपिस्ट यांच्यातच राहावा, डॉक्टरांच्या गटावर "काय वाटतं?" म्हणून टाकू नये, आणि पालकांची लेखी परवानगी चिठ्ठीच्या मागे घ्यावी.

सगळ्या पंचवीस दवाखान्यांना एकदम हात घालू नका. लसीची गर्दी जिथे जास्त आहे असे चार-पाच निवडा, त्यातला एक तरी स्वतःचा एनआयसीयू असलेला. पावसाळ्यात डेंग्यू-जुलाबांची झुंबड असते, तेव्हा कोणी ऐकणार नाही. भेटी दिवाळीनंतर सुरू करा. दर महिन्याला पॅडमधल्या किती चिठ्ठ्या फाटल्या ते कार्बन प्रतींवरून मोजा. ज्या दवाखान्यात दीड वर्षाचे डोस भरपूर होतात पण चिठ्ठी एकही नाही, तिथे आधी रिसेप्शनची मुलगी बदलली आहे का ते विचारा. बहुतेकदा तेच असतं, आणि अर्ध्या तासाची बैठक परत घ्यावी लागते.